नऊ मिनिटे जिरवल्याबाबत

जबाब देणार: नाव ओळखपत्रावरून वरच्या रकान्यात घेतले आहे, वॉर्डात सगळे मावशी म्हणतात. वय ४४ वर्षे. धंदा: रुग्णालयात मदतनीस, पुरुषांचा शस्त्रक्रिया वॉर्ड. राहणार: इस्त्रीवाल्याच्या दुकानावर, दुसरा मजला, जिन्याला लागून पहिले दार.

मी आज या पोलीस ठाण्यात आपणहून हजर होऊन सांगते की, मला येथे कोणी बोलावलेले नाही, पाठवलेले नाही व पढवलेले तर मुळीच नाही. बाहेर बाकावर ज्या बाईंना बसवून ठेवले आहे त्यांच्यासंबंधी मला सांगायचे आहे. त्या परीक्षा केंद्रात मशीन सांभाळतात. त्यांचे नाव मला ठाण्यात येईपर्यंत माहीत नव्हते, म्हणून मी त्यांना केबिनमधली बाई असेच म्हणणार आहे. हवालदारांनी त्यांना ‘सदर इसम’ लिहिले होते, ते मी खोडायला लावले. त्यांनी ओळखीच्या उमेदवाराला जादा वेळ मिळावा म्हणून चालू परीक्षेत घड्याळाशी छेडछाड केली अशी परीक्षेला बसलेल्या एका मुलाची तक्रार आहे. ती ओळखीची उमेदवार म्हणजे मी, असेही तक्रारीत आहे. म्हणून मी आले. माझा आवाज चढा आहे तो वॉर्डात पंचवीस खाटांवर ओरडून झाला आहे, रागाचा नाही, एवढे हवालदारांनी समजून घ्यावे.

मी वरील पत्त्यावर पती व विधवा थोरल्या जाऊबाईंसह राहते. पती शिंपीकाम करतात. मी वॉर्डात मदतनीस म्हणून लागले तेव्हा माझे लग्न नुकतेच झाले होते. भांडी धुणे, चादरी बदलणे, रुग्णाला कुशीवर वळवणे अशी कामे मी करते. आमच्यासारख्यांना परिचारिकेच्या शिक्षणाला घेण्यासाठी एक परीक्षा असते. तिला पंचेचाळीस वर्षे पूर्ण होईपर्यंतच बसता येते. मला येत्या दोन महिन्यांत पंचेचाळीस पूर्ण होतात. यापूर्वी मी दोनदा बसले व दोनदा आपटले. यंदा जाऊबाईंनी वर्षभर घरातली काडी इकडची तिकडे मला करू दिली नाही. मी पुस्तक घेऊन बसले की त्या पातेली आपटायच्या, पण मला उठवायच्या नाहीत. त्यांचे उपकार मी फेडू शकत नाही. हवालदार म्हणाले, मावशी, जबाबात उपकार लिहीत नाहीत, घटना लिहितात. मी म्हटले, माझ्या घरात घडलेली ही सगळ्यात मोठी घटना आहे, लिहा.

आज परीक्षा होती. केंद्र फर्निचरच्या दुकानाच्या वर, चौथ्या मजल्यावर आहे. दार साडेदहाला बंद होते. मी वेळेत निघाले, पण अर्ध्या वाटेवर कळले की प्रवेशपत्र घरी शिलाई मशीनवर राहिले. मी माघारी वळले तोच पती सायकलवरून समोरून येताना दिसले. गळ्यात मापाची टेप तशीच होती व हातात माझे प्रवेशपत्र होते. म्हणाले, “डोकं तेवढं बरोबर घेतलंस ना? बस मागे.” त्यांनी मला केंद्राच्या दारापर्यंत आणून सोडले.

वर पोचले तर दारावरचे वॉचमनदादा दार लावत होते. म्हणाले, वेळ संपली. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. माझ्या मनगटावरच्या घड्याळात अजून अवकाश होता. मी ते त्यांच्या नाकासमोर धरले व दार पायाने अडवले. पायाने अडवले ही माझी चूक झाली, पण त्याचा मला पश्चात्ताप नाही. तेव्हा वॉचमनदादांनी स्वतःचे घड्याळ पाहिले, इकडेतिकडे बघितले आणि हळूच म्हणाले, “जा मावशी आत. भिंतीवरचं घड्याळ साहेबांनीच दहा मिनिटं पुढे ठेवलंय. नाहीतर कर्मचारी वेळेवर येत नाहीत, आणि उमेदवार तर त्याहून नाहीत.” साहेब म्हणजे केंद्रप्रमुख. आमच्या घरीही घड्याळ पुढेच असते, त्यामुळे मला यात नवल वाटले नाही. वॉचमनदादांनी दार उघडले म्हणून मी आज परीक्षेला बसले. त्यांचेही आभार लिहावेत असे मी सांगितले. हवालदारांनी मान हलवली पण लिहिले की नाही ते मला दिसले नाही.

आत गेल्यावर नियमाप्रमाणे सगळ्यांचे मोबाइल आणि मनगटी घड्याळे पिशवीत घालून ठेवून घेतली. परीक्षेच्या खोलीत भिंतीवर घड्याळ नाही. वेळ दिसते ती फक्त आपल्यासमोरच्या पडद्याच्या कोपऱ्यात. सगळ्या पडद्यांना ती वेळ पुरवणारे एकच मशीन काचेच्या केबिनमध्ये आहे. परीक्षेच्या दिवशी ते मशीन बाहेरच्या जगापासून तोडलेले असते, कोणी प्रश्न चोरू नयेत म्हणून. त्यामुळे ते बाहेरून वेळही घेऊ शकत नाही, त्याला जी सांगाल ती वेळ ते खरी धरते. हे मला नंतर कळले.

आम्ही खोलीबाहेर बाकांवर बसलो असताना वीज गेली. केबिनमधली बाई धावत खाली जनरेटर बघायला गेली. जाताना ती केंद्रप्रमुखांना ओरडून म्हणाली, “सर, मशीन उठलं की वेळ तेवढी घाला! त्याची आतली बॅटरी गेलीय, त्याला झोपून उठल्यावर काही आठवत नाही!” थोड्या वेळाने दिवे आले. केंद्रप्रमुखांनी केबिनच्या आमच्या बाजूच्या दारातून मान बाहेर काढली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले व परत आत गेले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. मी त्या घड्याळाच्या बरोबर खाली बसले होते, आणि मला क्षणभर वाटले ते माझ्याकडेच बघताहेत, म्हणून मी पदर सारखा केला.

परीक्षा अकरा ते दोन अशी असते. पेपर उघडायचा परवलीचा शब्द मुख्य कार्यालयातून अकराच्या ठोक्याला फोनवर सांगतात, पण पेपर बंद होतो तो केबिनमधल्या मशीनच्या घड्याळावर, आपोआप. पेपर उघडला तेव्हा पडद्यावर अकरा वाजून नऊ मिनिटे झाली होती. केंद्रप्रमुख मोठ्याने म्हणाले, “वरून फोन उशिरा आला, नेहमीचंच आहे. आमचा इलाज नाही. जेवढा वेळ दिसतोय तेवढ्यात उरका.” सगळ्यांनी माना खाली घातल्या व लिहायला घेतले. मीही घेतले. परीक्षेत माणूस मेंढरू होते.

मी लिहीत असताना काचेच्या कारखान्याचा भोंगा झाला. तो बाराचा, जेवणाचा. या भोंग्यावर मी अर्धे आयुष्य काढले आहे. वॉर्डात बाराच्या भोंग्याला दुपारच्या गोळ्या, दोनच्या भोंग्याला पाळी बदलते, सहाच्या भोंग्याला भेटायला आलेले नातेवाईक बाहेर काढायचे. मी सवयीने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले तर बारा वाजून नऊ मिनिटे.  भोंगा नऊ मिनिटे उशिरा होत नसतो, त्यावर हजार माणसे जेवतात. मग मला वॉचमनदादांचे शब्द आठवले, आणि दारातून बाहेर आलेली ती मानही आठवली. दहातले एक मिनिट परत आत जाऊन वेळ घालण्यात गेले असणार.

मी हात वर केला. केंद्रप्रमुख आले. मी म्हटले, “साहेब, घड्याळ पुढे आहे. बाहेरच्या घड्याळावर लावलंत का?” ते म्हणाले, “शांत बसा, नाहीतर बाहेर काढीन.” मी म्हटले, “बाहेर काढा, पण आधी घड्याळ बघा. सगळ्यांची नऊ मिनिटं जाताहेत.” यावर पहिल्या रांगेतले काहीजण वळून बघू लागले. तेवढ्यात केबिनमधली बाई आली. तिला मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिले. तिशीच्या आतली, केसांना पेन खोचलेले, पायात घरातल्या चपला. तिने मला एवढेच विचारले, “कुठला भोंगा? काचेवाल्यांचा?” मी हो म्हटले. ती दाराशी गेली व वॉचमनदादांच्या हातातले घड्याळ सोडवून घेऊन आली. ते तिने केंद्रप्रमुखांना दाखवले. ते तिला घेऊन केबिनमध्ये गेले.

त्यांच्यात जे बोलणे झाले ते केबिनचे खोलीकडचे दार उघडे असल्याने आणि माझी खुर्ची त्या दाराला लागून असल्याने मी ऐकले. कान देऊन ऐकले, हेही लिहावे. केंद्रप्रमुख म्हणाले, “मग करा की नऊ मिनिटं मागे. एक बटण दाबायचं.” ती म्हणाली, “सर, बंद मशीनचं घड्याळ हवं तसं फिरवा. हे चालतंय. एकोणचाळीस जण त्याच्यावर लिहिताहेत, आणि प्रत्येक उत्तरावर ते वेळ टाकतंय. एकदम मागे ओढलं तर त्याला वाटेल, मघाची उत्तरं अजून न वाजलेल्या वेळेला दिलीत. ते सगळ्यांना बाहेर फेकून पेपर कुलूपबंद करेल.” केंद्रप्रमुख म्हणाले, “मग राहू द्या तसंच. कुणाला कळलंय?” ती म्हणाली, “त्या मावशींना कळलंय. आणि मला कळलंय.”

मग तिने उपाय सांगितला. मशीनच्या अगदी आत, ज्याला ती कर्नल म्हणाली, तिथे घड्याळाचा ठोका मोजला जातो. (हवालदारांनी विचारले, हा कर्नल कुठल्या पलटणीचा? मीही तिला नंतर इथल्या बाकावर तेच विचारले होते. तो माणूस नाही, मशीनचा गाभा आहे.) त्या गाभ्याला सांगता येते की, बाबा रे, तुझा सेकंद जरासा लांबव. वेळ पुढेच जात राहते, एकही क्षण दोनदा येत नाही व एकही गळत नाही, फक्त चाल मंदावते. जास्तीत जास्त दहावा हिस्सा मंदावता येते, त्याहून जास्त तो ऐकत नाही. त्या हिशेबाने नऊ मिनिटे जिरायला दीड तास लागतो. ती म्हणाली, “सर, साडेबाराच्या आत हो म्हणा. त्यानंतर म्हणालात तर दोनपर्यंत पुरं जिरणार नाही, आणि जेवढं राहील तेवढं ह्या लोकांचं बुडेल.”

केंद्रप्रमुख कपाळावर हात मारून बसले. ते वाईट गृहस्थ नाहीत. घाबरलेले गृहस्थ आहेत. म्हणू लागले, मुख्य कार्यालयाला विचारू. फोन लावला, तिकडे कोणी उचलेना. पुन्हा लावला. ती वॉचमनदादांचे घड्याळ हातात धरून उभी. मला इकडे एक अक्षर वाचता येईना. शेवटी मला राहवले नाही, मी खुर्चीतूनच म्हणाले, “साहेब, सलाईन जोरात गेली तर अंगात गेलेलं बाटलीत परत ओढता येतं का? चाक फिरवून थेंब हळू करायचे असतात. ती तेच म्हणतेय. अहो, हो म्हणा!” मी हे ओरडून बोलले असेन, कारण सगळी खोली वळून माझ्याकडे बघू लागली. केंद्रप्रमुख त्या बाईला म्हणाले, “करा. पण माझं नाव पुढे येता कामा नये.” हे शब्द मी स्पष्ट ऐकले आहेत. तिने एकटीने, कोणाला न विचारता केले, हे खोटे आहे.

तिने काम केले तेव्हा साडेबाराला थोडीच मिनिटे कमी होती. मग ती माझ्या खुर्चीपाशी आली व वाकून माझ्या कानाशी बोलली. तक्रारदार मुलाने हेच पाहिले. तो खोटे बोलत नाही, ती खरोखरच कुजबुजली. काय कुजबुजली ते मी सांगते: “मावशी, आता तुम्ही नुसतं लिहा. मिनिटं माझ्याकडे सोपवा.” याखेरीज ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, उत्तर सांगितले नाही, माझ्या पडद्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

तपासाधिकारी साहेबांनी विचारले की घड्याळ मंद झाल्याचे तुम्हाला जाणवले का. जाणवले. मी मनगट धरून नाडी मोजली, पडद्यावरच्या एका मिनिटात नेहमीपेक्षा बरेच ठोके जास्त भरले. पण परीक्षेत माझी नाडी तशीही उधळलेलीच होती, तेव्हा त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे माझे मीच सांगते. तक्रारदार मुलगा पहिल्या रांगेत होता, त्याचा पाय सारखा हलत होता, तो प्रत्येक मिनिट मोजत होता. त्यालाही मिनिट लांबल्याचे जाणवले असणार. माझ्या पोटचा असता तर मी त्याला म्हटले असते, बाळा, मिनिटं मोजत बसलास, त्यात दोन उत्तरं लिहून झाली असती. त्याच्यावर माझा राग नाही.

शेवटी सलाईनचे थेंब मिनिटाला किती पडावेत, असा एक हिशेब होता. तोच मागच्या दोन्ही वेळी माझा चुकला होता. मी तो पहिल्यांदा भराभर केला तेव्हा उत्तर असे आले की रुग्ण दुपारपर्यंत वाहून गेला असता. मी पुन्हा केला, आणि खात्री पटेना म्हणून तिसऱ्यांदा केला. शेवटी बरोबर जमला. पडद्यावर दोन वाजले, पेपर मिटला, आणि त्याच क्षणी बाहेर काचेच्या कारखान्याचा दोनचा भोंगा सुरू झाला. पडदा आणि भोंगा एकदम. दोघांत श्वास घेण्याइतकेही अंतर नव्हते. मी केबिनकडे पाहिले. ती खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून भोंगा ऐकत होती. मला रडू आले. परीक्षेसाठी आले असे शेजारच्या मुलीला वाटले, तिने मला रुमाल दिला.

वेळेच्या हिशेबात कोणी भलतेच काही सांगेल, म्हणून मी स्पष्ट सांगते: कोणालाही एक मिनिट जास्त मिळाले नाही. ज्याला अकराला पेपर मिळाला त्याच्याकडून तो दोनला परत घेतला. त्याआधी जी नऊ मिनिटे आमच्या खिशातून पडली होती ती तिने उचलून आमच्या आमच्या हातात दिली. कोणाला त्याचा आवाजही झाला नाही.

खाली उतरून मी व पती समोरच्या गाड्यावर चहा पीत असताना जिन्यात आरडाओरडा झाला. मग पोलिसांची गाडी आली. त्या बाईला खाली आणले तेव्हा तिच्या पायात त्याच घरातल्या चपला होत्या व केसांत पेन तसेच होते. केंद्रप्रमुख मागे उभे राहून सांगत होते की मला यातले काहीच माहीत नाही. माझ्या हातातला कप मी कुठे ठेवला मला आठवत नाही. पती म्हणाले, “तू जा. नाही गेलीस तर रात्रभर मला झोपू देणार नाहीस.” मी आले.

इथे आल्यावर तपासाधिकारी साहेबांनी मला जबाबाआधी समजावून सांगितले, त्याबद्दल मी त्यांचीही आभारी आहे. ते म्हणाले, “बाई, घड्याळ चुकलं होतं आणि मध्येच बदललं असं कागदावर आलं, तर त्या खोलीचा सगळा पेपर रद्द होऊ शकतो. पुन्हा परीक्षा होईल तेव्हा तुमचं वय उलटलेलं असेल. तुम्ही काही बोलला नाहीत तर प्रकरण त्या एकटीवर राहील, आणि तुमचा पेपर कदाचित वाचेल. विचार करा.” मी म्हटले, पाणी पिऊन येते.

बाहेर ती बाकावर बसली होती. मी तिच्याशेजारी बसले. तिला आधीच कोणीतरी पेपर रद्द होण्याचे सांगितले असावे, कारण मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “मावशी, थेंबांचा हिशेब जमला का?” मी म्हटले, “जमला. तुला कसं माहीत?” ती म्हणाली, “तुमचे ओठ हलत होते. तीन वेळा मोजलंत. मग झालं की! आता घरी जा. माझं काय, नोकरी गेली तर दुसरी मशीनं आहेत.” हे बोलताना ती पायातली चप्पल अंगठ्याने सारखी करत होती. मी वीस वर्षे शस्त्रक्रियेला निघालेली माणसे पाहिली आहेत. ‘मला काही होत नाही’ म्हणणारे सगळ्यात जास्त घाबरलेले असतात. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला व पाणी न पिताच आत आले, आणि साहेबांना म्हटले, लिहून घ्या.

हवालदारांनी मला विचारले की यात तुमचा काय फायदा. फायदा काही नाही. पण मला एक सांगायचे आहे, ते जबाबात बसत असो वा नसो. मला आजवर पुष्कळांनी घाई केली. लग्नाची घाई, कामाची घाई, वय उलटतंय म्हणून घाई. ही पहिली मुलगी, जिला माझा वेळ जातोय हे कळल्यावर तिने तो परत आणायची धडपड केली, आणि तेही मला धक्का न लावता. तिला मी ओळखतही नव्हते. तिचे नाव मला तुमच्या कागदावरून कळले. पेपर रद्द झाला तरी तो हिशेब मला आता येतो, आणि तो माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. मी तिची जन्माची ऋणी आहे. हे हवालदारांनी न विचारता लिहिले.

मी तपासाधिकारी साहेबांना सांगितले की, केंद्राच्या भिंतीवरचे घड्याळ बघून या. त्यांनी केंद्रप्रमुखांना फोन लावला. ते म्हणाले, आमचे घड्याळ अगदी बरोबर आहे. मी म्हटले, आता असणारच, त्याच्याखाली स्टूल आहे का तेवढे विचारा. साहेबांनी विचारले.  मग केंद्रप्रमुख म्हणाले, “त्यांना सांगा, मी ठाण्यात येतो.” एवढेच बोलले.

येथपर्यंतचा जबाब हवालदार मला वाचून दाखवत होते व शेवटी वेळ घालण्यासाठी त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. त्यात सहा वाजून पाच मिनिटे झाली होती. ती वेळ ते लिहिणार एवढ्यात काचेच्या कारखान्याचा सहाचा भोंगा झाला. हवालदारांचा हात थांबला. साहेबांनी मान वर करून घड्याळाकडे पाहिले.  मग साहेब म्हणाले, “हे घड्याळ पुढे कोणी ठेवलं?” हवालदार म्हणाले, “साहेब, तुम्हीच. आम्ही वेळेवर यावं म्हणून.”

साहेब हसले. मोठ्याने नाही, पण हसले. त्यांनी बाहेरच्या बाईला आत बोलावले व बसायला खुर्ची दिली. म्हणाले, “अकरा ते दोन, सगळ्यांना पूर्ण वेळ मिळाला, असं मी अहवालात लिहितो. पुढचं काय ते परीक्षा मंडळ ठरवेल. तुम्ही घरी जा.” तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. हवालदार लगेच स्टुलावर चढले, पण काट्याला हात लावण्याआधी थबकले आणि तिच्याकडे वळून बघू लागले. ती डोळे पुसत म्हणाली, “ओढा हो बिनधास्त. ते भिंतीवरचं आहे. त्याच्यात कुणाचं काही साठवलेलं नाही.”

माझ्या पेपरचे पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही.

वर लिहिलेले सगळे माझ्या तोंडचे आहे. हवालदारांनी ते मला स्पष्ट आवाजात वाचून दाखवले, दोन ठिकाणी माझ्या सांगण्यावरून सुधारले, आणि ते खरे व बरोबर असल्याची माझी खात्री झाल्यावर मी खाली सही केली आहे. वेळ भोंग्याप्रमाणे घातली आहे. आभार वगळलेले नाहीत.